तोंडाचा कर्करोग आणि मानेतल्या गाठी : तपासायच्या कधी, काढायच्या कधी?

या खेपेच्या टपालात बरीच पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी होती : जखम तोंडात, मग डॉक्टर मानेला हात का घालतात? त्यांतली सहा इथे घेतली आहेत. मानेतल्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. त्या प्रत्येकाच्या मानेत असतात, आणि तोंडातला कर्करोग मानेत उतरला तर आधी त्यांत शिरतो. त्या काढून टाकणं म्हणजे "मान साफ करणं". नावं गाळली आहेत, मजकूर आटोपशीर केला आहे. उत्तरं कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि विकृतिशास्त्र (पेशी तपासून आजार ओळखणं) या विषयांतल्या डॉक्टरांनी मिळून दिली आहेत.

बाबा ५८ वर्षांचे. जिभेच्या डाव्या कडेची जखम दोन महिने भरली नाही. तुकडा तपासल्यावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कर्करोग, निघाला. एमआरआयमध्ये जखम १.८ सेंटिमीटर, खोली ६ मिलिमीटर. मानेची सोनोग्राफी स्वच्छ, हातालाही काही लागत नाही. तरी सर्जन म्हणतात, जिभेबरोबर मानेतल्या गाठीही काढू. काका म्हणतात, "निरोगी मान कशाला फाडायची? गाठ आली तर तेव्हा बघू. शिवाय चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे." – फोंडा

काकांचा प्रश्न रास्त आहे. डॉक्टर मंडळींतही त्यावर वर्षानुवर्षं वाद होता. तो मिटवण्यात मोठा वाटा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा आहे. लवकरच्या टप्प्यातला तोंडाचा कर्करोग आणि मानेत काहीच न लागणारे रुग्ण त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाची मान तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच साफ केली. दुसऱ्या गटाला नियमित तपासत राहिले आणि गाठ दिसली की मग शस्त्रक्रिया केली. २०१५ साली पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ६७.५ टक्के. आजार न उलटता जगलेल्यांमधला फरक आणखी मोठा होता : ६९.५ विरुद्ध ४५.९ टक्के. हिशेब सरळ आहे. दर आठ जणांची मान आधीच साफ केली, तर एक जीव जास्त वाचतो.

असं का होतं? हाताला न लागणारी, सोनोग्राफीत न दिसणारी मान अशा रुग्णांत शंभरातल्या २० ते ३० जणांची खरोखर स्वच्छ नसते. पाच मिलिमीटरच्या गाठीत अर्ध्या मिलिमीटरचा पेशींचा पुंजका बसलेला असतो, आणि तो दाखवू शकेल असं यंत्र आज नाही. वाट पाहिली की तोच पुंजका वाढून गाठीचं कवच फोडतो आणि आजूबाजूच्या चरबीत, स्नायूत शिरतो. गाठ हाताला लागेपर्यंत बऱ्याच जणांचा टप्पा बदललेला असतो. "तेव्हा बघू" मधला "तेव्हा" कसा असेल, ते आपल्या हातात नसतं.

मग प्रत्येकाचीच मान उघडायची का? नाही. इथे निर्णायक आकडा जखमेच्या खोलीचा. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसंच ते मोजमाप आहे. जखमेशेजारच्या निरोगी त्वचेच्या तळाची रेषा धरायची, तिथून ओळंबा सोडायचा आणि कर्करोगाची सगळ्यात खोल पेशी किती खाली आहे ते मोजायचं. वर उगवलेला फुलकोबीसारखा भाग त्यात धरायचा नाही. म्हणून बाहेरून भली मोठी दिसणारी जखम कधी उथळ निघते, आणि चपटी, खळग्यासारखी जखम आतून खोल गेलेली असते. जाडी आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिपोर्टमध्ये नेमकं काय लिहिलंय ते विचारून घ्या. खोली ४ मिलिमीटरच्या वर असेल तर मानेची शस्त्रक्रिया करावी, असंच बहुतेक ठिकाणी मानलं जातं. २ मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा गरज पडत नाही. मधल्या पट्ट्यात विचार करावा लागतो, त्याबद्दल काणकोणच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

तुमच्या बाबांची खोली ६ मिलिमीटर आहे. एमआरआयमधली खोली प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त दिसते हे खरं, पण एखाद-दोन मिलिमीटर वजा केले तरी ती ४ च्या काठावर किंवा त्याच्या वरच राहते. जखम दोन सेंटिमीटरहून लहान असूनही खोली ५ च्या वर गेल्यामुळे आजच्या वर्गवारीत ती टी२, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातली, धरतात. सर्जनचा सल्ला योग्य आहे.

"मान फाडणं" या शब्दाचीच भीती जास्त बसते, म्हणून नेमकं काय करतात ते सांगतो. मानेचे पाच पातळ्यांचे भाग कल्पिलेले आहेत. पहिली पातळी जबड्याखाली, दुसरी ते चौथी मानेच्या मोठ्या तिरप्या स्नायूला लागून वरून खाली, पाचवी खांद्याकडे मागे. तुमच्या बाबांसारख्या रुग्णात पहिल्या तीन पातळ्या काढतात. जिभेच्या कर्करोगात चौथीचा काही भागही घेतात, कारण जिभेच्या पेशी कधी कधी मधल्या पातळ्या ओलांडून थेट खाली उतरतात. चीर मानेच्या सुरकुतीत घेतात. स्नायू, मोठी शीर आणि खांद्याची नस राखतात. जखमेतला स्राव बाहेर काढणारी ड्रेनची नळी तीन ते पाच दिवस राहते आणि २४ तासांतला स्राव साधारण २५-३० मिलिलिटरच्या खाली आला की काढतात.

त्रास काय होतो हेही लपवू नये. खांद्याची नस राखूनही ती ओढली जाते, त्यामुळे काही महिने हात खांद्याच्या वर उचलताना दुखतो. फिजिओथेरपी ड्रेन निघाल्यावर लगेच सुरू करायची. दुखतंय म्हणून हात पोटाशी धरून बसणाऱ्यांचा खांदा आखडतो. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या बारीक नसेमुळे खालच्या ओठाची एक बाजू तात्पुरती वाकडी होऊ शकते. डाव्या बाजूला चौथी पातळी काढली असेल तर ड्रेनमध्ये दुधासारखा पांढुरका स्राव येतो का, यावर लक्ष ठेवा आणि आला तर लगेच सांगा. कानाच्या पाळीची बधिरता मात्र बऱ्याच जणांची कायम राहते.

राहता राहिली चवथ. कर्करोगाचं निदान झाल्यावर शस्त्रक्रियेला शक्यतो महिन्याहून जास्त उशीर करू नये. तारीख चवथीनंतर त्या महिन्याच्या आत बसत असेल तर हरकत नाही, घरच्यांसोबत चवथ साजरी करून बाबांना न्या. पण "चवथ झाली की बघू", मग "नवरात्र झाली की", अशी ढकलाढकल नको.

पुण्याच्या नातेवाइकांनी सेंटिनल नोड बायोप्सीबद्दल सांगितलं. म्हणे सगळी मान उघडायला लागत नाही, एक-दोन गाठी काढून तपासतात. आमच्या आईला हे करता येईल का? तिच्या जिभेची जखम दीड सेंटिमीटर, खोली साडेचार. – पेडणे

नाव अवघड, कल्पना सोपी. तोंडातल्या प्रत्येक जागेतला लसिकारस (पेशींभोवती झिरपणारा पातळ द्रव) ठरावीक वाटेने मानेकडे उतरतो, आणि वाटेत पहिल्या लागणाऱ्या एक-दोन गाठी तो गाळून घेतात. मुंबईहून महामार्गाने येणारी गाडी गोव्यात शिरताना तुमच्या तालुक्यातल्या पत्रादेवीच्या नाक्यावरून येते, तसंच. कर्करोगाची पेशी मानेत उतरली असेल तर ती बहुतेक वेळा आधी या नाक्यावर सापडते. नाका स्वच्छ असेल तर पुढचा मुलूख स्वच्छ असण्याची शक्यता मोठी.

तो नाका शोधतात असा. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी, जखमेभोवती चार ठिकाणी बारीक सुईने टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ लावलेलं द्रव्य टोचतात. एकूण एखादा मिलिलिटर, तोही नाही. टोचल्यावर लगेच चूळ भरून थुंकायला लावतात. थेंब तोंडात सांडला आणि गिळला, तर घशात खोटे ठिपके चमकतात. मग गॅमा कॅमेऱ्याखाली आणि शक्यतो स्पेक्ट-सीटीवर (गॅमा कॅमेरा आणि सीटी स्कॅन एकत्र) कोणत्या गाठी उजळल्या ते पाहून मानेवर खुणा करतात. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं असल्यामुळे शस्त्रक्रिया २४ तासांच्या आत व्हावी लागते. किरणांची मात्रा अगदी कमी असते, नातवंडांना जवळ घेऊ नये इतकं काही त्यात नाही.

थिएटरमध्ये दोन-चार सेंटिमीटरची चीर घेतात. पुढे पूर्ण शस्त्रक्रिया लागलीच तर जी चीर घ्यावी लागेल, तिच्याच रेषेत. पेनासारखा गॅमा प्रोब आत फिरवला की उजळलेल्या गाठीपाशी तो टकटक आवाज करतो. ती गाठ काढायची, बाहेर धरून मोजायची, मग रिकाम्या जागेवर प्रोब पुन्हा फिरवायचा. तिथे सगळ्यात जास्त उजळलेल्या गाठीच्या दहा टक्क्यांहून जास्त आवाज उरला असेल तर अजून एक गाठ आत आहे, असं समजायचं. साधारण दोन-तीन गाठी निघतात.

यापुढचं काम प्रयोगशाळेचं, आणि आमच्या मते यश-अपयश तिथेच ठरतं. नेहमीच्या पद्धतीत गाठ मधोमध कापून एक-दोन पातळ काप पाहतात. सेंटिनल गाठीला ते पुरत नाही. ती पूर्ण संपेपर्यंत दर १५० मायक्रॉनला एक काप घ्यायचा, म्हणजे मिलिमीटरभरात सहा-सात. साध्या रंगात काही दिसलं नाही तर कर्करोगाच्या पेशी उठून दिसाव्यात म्हणून सायटोकेरॅटिनचा खास रंग द्यायचा. दोन मिलिमीटरहून मोठा पुंजका, ०.२ ते २ मिलिमीटरचा, आणि त्याहून लहान सुट्या पेशी, असे तीन वेगळे निकाल लिहायचे असतात. हे व्हायला आठवडाभर सहज लागतो. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून केलेली झटपट तपासणी मोठा पुंजका पकडते, बारीक पुंजका मात्र तिच्यातून निसटतो. म्हणून "थिएटरमध्ये स्वच्छ म्हणाले" हा शेवटचा निकाल नव्हे, हे घरच्यांनी आधीच जाणून असावं.

गाठीत आजार निघाला तर दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा भूल देऊन पूर्ण मान साफ करावी लागते. साधारण चौघा-पाच जणांत एकावर ही वेळ येते. उरलेल्यांची मोठी शस्त्रक्रिया वाचते.

पुरावा चांगला आहे. फ्रान्समधल्या २०२० च्या अभ्यासात दोन वर्षांनी मानेत आजार न उलटलेले रुग्ण मान साफ केलेल्यांत ८९.६ टक्के होते, सेंटिनल केलेल्यांत ९०.७. जपानमधल्या २०२१ च्या अभ्यासात तीन वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे ८६.६ आणि ८७.९ टक्के. जगण्यात फरक पडला नाही, आणि पहिल्या काही महिन्यांत खांद्याचा त्रास सेंटिनलवाल्यांना कमी झाला. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २०१६ पासून ही पद्धत आहे. युरोपातल्या ४१५ रुग्णांच्या पाहणीत तिची दुसरी बाजूही दिसली. मानेत आजार असलेल्या शंभरातले ८६ जण या पद्धतीने सापडले, बाकीचे निसटले. म्हणून सेंटिनल स्वच्छ आली तरी पुढची दोन वर्षं मानेची तपासणी चुकवता येत नाही.

ही पद्धत कोणाला नको? ज्यांच्या मानेत गाठ आधीच दिसते किंवा लागते, त्यांना. आजाराने गच्च भरलेल्या गाठीत लसिकारस शिरत नाही, द्रव्य वळसा घालून भलत्याच गाठीत जातं, आणि स्वच्छ रिपोर्ट हाती येतो. मानेवर आधी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झालेल्यांनाही नको, कारण वाटाच बदललेल्या असतात. जखम मोठी असून दुसरीकडचं मांस आणून भरायचं असेल, तर रक्तवाहिन्या जोडायला मान उघडावीच लागते, मग सेंटिनलचा फायदा उरत नाही. जिभेखालच्या तळाची जखम ही आणखी एक अडचण. ती पहिल्या पातळीच्या गाठींना इतकी चिकटून असते की टोचलेल्या जागेचाच उजेड शेजारची गाठ झाकून टाकतो. अशा वेळी आधी जखम काढायची, मग प्रोब लावायचा. तरीही ही जागा फसवी ती फसवीच. उलट जीभ मधोमध आजारी असेल तर ही पद्धत फार उपयोगी, कारण रस कोणत्या बाजूला जातो, की दोन्ही, हे ती दाखवते.

तुमच्या आईची जखम कागदावर या पद्धतीत बसते. पण जिथे करायची तिथे चार गोष्टी विचारा. गॅमा कॅमेरा आणि प्रोब दोन्ही आहेत का? सर्जन हे नेहमी करतात, की अधूनमधून? गाठीचे काप वर सांगितले तसे घेतात का? आणि दुसरी शस्त्रक्रिया लागली तर तीन आठवड्यांच्या आत तारीख मिळेल का? यातल्या एकाचंही उत्तर "नाही" असेल, तर सरळ मान साफ करून घेतलेली बरी. फक्त निळा रंग टोचून गाठ शोधतो असं कोणी म्हणालं तर त्यावर समाधान मानू नका. तोंडात तो रंग जखमेची कडाही माखतो, आणि एकट्या रंगाने गाठी हुकतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड वापरणार असाल तर दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेची मंजुरी कशी घ्यायची हे पहिल्या भरतीआधीच काउंटरवर विचारा, मधेच अडायला नको.

मामांच्या मानेला उजवीकडे सुपारीएवढी गाठ आहे, दीड महिना झाला. गावातले डॉक्टर म्हणाले अवधाण आलं असेल, गोळ्या दिल्या, उतरलं नाही. आता एका दवाखान्यात सांगतात, गाठ काढून तपासू. मामा ३० वर्षं तंबाखू-चुना लावतात. – डिचोली

थांबा. गाठ कापून काढू देऊ नका, आधी तोंड बघायला लावा.

गोव्यात गुटख्यावर २००५ पासून बंदी आहे. पण खिशातली तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काही गेलेली नाही. मामा तंबाखूची गोळी तोंडात कुठे ठेवतात ते विचारा. बहुधा खालचा ओठ किंवा गाल आणि हिरडी यांच्या खाचेत. गाल बोटाने पूर्ण बाहेर ओढून, टॉर्च लावून, कवळी असेल तर काढून ती खाच पाहायला हवी. जीभ कापडाने धरून दोन्ही बाजूंना ओढून तिच्या मागच्या कडा पाहायच्या, जिभेखालचा तळ बोटाने चाचपायचा. घसा आणि स्वरयंत्र दुर्बिणीने. चाळिशीनंतरच्या तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत तीन आठवड्यांहून जास्त टिकलेली टणक गाठ आली, तर मूळ वर तोंडात किंवा घशात आहे असंच धरून शोधायचं असतं.

गाठीसाठी सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, शक्यतो सोनोग्राफीखाली. इंजेक्शनच्या सुईएवढीच किंवा तिच्याहून बारीक सुई दोन-तीनदा फिरवतात, पाच मिनिटांत होतं. भूल लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. सुईने आजार पसरतो ही भीती फार खोलवर बसली आहे. बारीक सुईच्या वाटेत आजार रुजणं इतकं विरळ आहे की त्यासाठी तपासणी टाळण्यात अर्थ नाही.

कापून काढण्याला विरोध का, तर कर्करोगाची गाठ एकटी उपटली की तिचं कवच फुटण्याचा धोका असतो. आजूबाजूचे थर एकमेकांना चिकटतात. नंतर खरी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला व्रण आणि आजार यांतला फरक कळत नाही. मग जास्तच कापावं लागतं, आणि वाचवता आली असती अशी नस कधी कधी द्यावी लागते.

सुईचा रिपोर्ट चार तऱ्हांनी येतो. कर्करोग दिसला तर सीटी स्कॅन, तोंडातल्या जखमेचा तुकडा आणि मग तोंड व मान एकत्र शस्त्रक्रिया. या टप्प्यावर सेंटिनलचा प्रश्नच उरत नाही. क्षयाच्या खुणा दिसल्या तर तोच नमुना सीबी-नॅट या क्षयाच्या चाचणीला पाठवायचा. तरीही तोंड तपासल्याशिवाय सोडायचं नाही, कारण दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात. "साधी सूज" असा रिपोर्ट आला आणि तोंडात जखम आहे, तर त्यावर विसंबू नका, सुई नेमकी चुकीच्या कोपऱ्यात गेलेली असू शकते. नुसतं पाणीच निघालं तर गाठीच्या भिंतीतून पुन्हा घ्यायला सांगा. लिम्फोमाची (लसिकाग्रंथींच्याच कर्करोगाची) शंका असेल, किंवा सुई दोनदा करूनही उत्तर मिळालं नाही आणि तोंड-घशात काही सापडलं नाही, तरच अख्खी गाठ काढणं योग्य. तेही लागलीच तर त्याच बैठकीत पूर्ण मान साफ करू शकणाऱ्या सर्जनकडे.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) कान-नाक-घसा विभागात, किंवा शेजारच्या गोवा दंत महाविद्यालयात तोंड दाखवून सुरुवात करा. या आठवड्यातच.

मानेच्या शस्त्रक्रियेऐवजी पेट स्कॅन करून खात्री करता येणार नाही का? – वाळपई

नाही. पेटला साधारण पाच मिलिमीटरहून लहान पुंजका दिसत नाही, आणि आपण शोधतोय तो त्याहून कितीतरी बारीक. दुसरीकडे दातातला पू, नुकताच घेतलेला तुकडा, क्षय, यांनी गाठी उगाच उजळतात. लहान जखम आणि स्वच्छ मान असताना पेटवर खर्च करू नका. आजार पुढच्या टप्प्यातला असेल तर छाती-यकृत पाहायला तो उपयोगी.

पत्नीच्या जिभेवरचा पांढरा चट्टा दंतवैद्यांनी पूर्ण काढला, रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. खोली २.५ मिलिमीटर, कडा सगळीकडून ६ मिलिमीटर स्वच्छ. एक डॉक्टर म्हणतात मान करा, दुसरे म्हणतात लक्ष ठेवा. – काणकोण

तुमचे दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. २ ते ४ मिलिमीटरच्या पट्ट्यात एकच एक उत्तर नाही. टाटाच्या अभ्यासातही ३ मिलिमीटरच्या आतल्यांना आधी मान साफ केल्याचा ठोस फायदा दिसला नव्हता.

काटा कुठे झुकतो ते रिपोर्टच्या बारीक ओळींत असतं. पेशी मज्जातंतूभोवती किंवा बारीक वाहिन्यांत शिरल्या आहेत का? पुढची कड सलग आहे, की सुटे-सुटे पुंजके पुढे पसरलेत? पेशींची प्रत फार वाईट आहे का? यातलं काहीही "होय" असेल तर आम्ही मान करायच्या बाजूने. हे शब्द रिपोर्टमध्ये नसतील तर काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक घेऊन कर्करोग पाहणाऱ्या दुसऱ्या विकृतिशास्त्रज्ञाकडून पुन्हा वाचून घ्या. खोलीचा आकडाही पुन्हा मोजला जाईल. चट्टा तिरका कापला गेला तर आकडा बदलतो, आणि अर्धा मिलिमीटर इथे महत्त्वाचा आहे. व्रण ताजा असेल तर त्याच्या भोवती टोचून सेंटिनलही करता येते, म्हणून हा निर्णय दोन-तीन आठवड्यांत घ्या.

लक्ष ठेवायचं ठरलं तर ते खरोखर ठेवलं पाहिजे. पहिले सहा महिने दर महिन्याला, पुढचे सहा महिने दर दीड महिन्याला, दुसऱ्या वर्षी दर दोन महिन्यांनी, सोनोग्राफीसह. मानेत आजार यायचा असेल तर तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांतच येतो. काणकोणहून बांबोळीची ही खेप पावसाळ्यातही चुकणार नाही, असं घरात कोणी छातीठोक सांगू शकेल का? नसेल, तर आधीच मान करून घेणं जास्त सुरक्षित. हे कमीपणाचं कारण नव्हे, डॉक्टरही निर्णय घेताना ते धरतात.

घरी आठवड्यातून एकदा तपासायचं ते असं. बसून हनुवटी त्याच बाजूला किंचित झुकवायची, म्हणजे स्नायू सैल पडतो. बोटांच्या टोकांनी जबड्याच्या हाडाखाली, मग कानाखालून तिरप्या स्नायूच्या कडेने गळपट्टीच्या हाडापर्यंत हळूहळू गोल फिरवत उतरायचं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना मऊ, सारखी लागते ती लाळेची ग्रंथी, तिला घाबरू नये. एकाच बाजूला चिंचोक्यासारखं कडक काही लागलं आणि दोन आठवड्यांत गेलं नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

वडिलांची शस्त्रक्रिया झाली. रिपोर्ट : पीटी२ पीएन१, मानेतल्या २७ पैकी १ गाठीत आजार, १.१ सेंटिमीटर, ईएनई नाही. कडा स्वच्छ. आता रेडिएशन लागेल का? – मडगाव

पीटी२ पीएन१ म्हणजे जखम दुसऱ्या टप्प्यातली आणि मानेतल्या एकाच लहान गाठीत आजार. आता २७ हा आकडा. १८ किंवा जास्त गाठी तपासलेल्या असणं हे मान नीट साफ झाल्याचं आणि प्रयोगशाळेने नीट शोधल्याचं लक्षण. रिपोर्टमध्ये ८-१० च गाठी असत्या, तर "एकच बाधित" यावर तितका भरवसा ठेवता आला नसता.

ईएनई म्हणजे गाठीचं कवच फोडून आजार बाहेर येणं. ते झालं असतं तर रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषधही लागलं असतं. दोन किंवा जास्त गाठी बाधित असत्या तर रेडिएशन नक्की. एकच गाठ, कवच शाबूत, कडा स्वच्छ, हा विचार करून ठरवायचा गट आहे. मज्जातंतूभोवती शिरकाव, वाहिन्यांत पेशी, किंवा बाधित गाठ चौथ्या-पाचव्या पातळीत असेल तर रेडिएशन देतात. यातलं काहीच नसेल तर तज्ज्ञांच्या बैठकीत दोन्ही बाजू मांडल्या जातात. तिथे वडिलांचा रिपोर्ट ठेवला गेला का, ते विचारा.

ठरलं तर शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. साधारण ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), ३० भागांत, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. या सहा आठवड्यांच्या मुदतीत एक गोष्ट घरचे हमखास विसरतात : दात. हलणारे, किडलेले दात रेडिएशनआधी काढायचे असतात, आणि जखम भरायला १० ते १४ दिवस द्यावे लागतात. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरता कुजू शकतं, ते दुखणं वर्षानुवर्षं पुरतं. म्हणून निर्णयाची वाट न पाहता, टाके निघाले की त्याच फेरीत दंत महाविद्यालयात तोंडाचा एक्स-रे काढून घ्या. तोंड उघडत नसेल तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून रोज जबडा उघडण्याचा व्यायाम आत्ताच सुरू करा, आणि दर आठवड्याला किती काड्या मावतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.